फाळका

द्वारकेच्या पुलाखाली वडील ट्रक रंगवायचे.
ट्रक त्यांचा नसे. लोखंड कंपनीचं, कर्ज बँकेचं,
कांदा लासलगावचा, ड्रायव्हर कुठला कुठला.
वडिलांचा फक्त मागचा फाळका.
फाळक्यावर मोर, मोराखाली मालकाच्या पोरांची नावं,
कोपऱ्यात बोटभर सही: पेंटर निवृत्ती.
मोराचे पैसे वेगळे, अक्षरांचे वेगळे.
मालकाने घासाघीस केली
तर मोराचा एक पाय कमी.

(थापा नाहीत. एक लंगडा मोर
अजून दिसतो मला पाथर्डी फाट्याला.)

मी रंगवते त्या गाड्यांना हात लावता येत नाही.
अंबडला दिवसभर बिलांवर जीएसटी चढवते,
रात्री कुणा परदेशी कंपनीच्या गेममध्ये
नाशिक-त्र्यंबक एसटी.
अकरा महिने लागले या बसला.
खिडक्यांची खडखड,
अंजनेरीच्या वळणावर आत घुसणारं ऊन,
शेवटच्या सीटचं फाटकं रेक्झिन
आणि बोट घालून कुणी उपसलेला काथ्या.

मग किंमत लिहिली. एकोणपन्नास रुपये.
सीबीएससमोर एक मिसळ येत नाही त्यात.

तुटून पडले लोक.
आठ वर्षं जे 'ताई, देव भलं करो' म्हणत
ते म्हणाले, ताई, तूसुद्धा?
कुणी म्हणालं, पाणपोईवर गल्ला मांडलास.
कुणी हिशेबच केला: सत्तर टक्के कंपनीचे,
तुझ्या हाती चौदा रुपये सत्तर पैसे,
त्यासाठी एवढा तळतळाट?

रात्री दीडला मी लांबलचक उत्तर लिहिलं.
वडील, फाळका, कष्टाला दाम.
लंगड्या मोरापाशी जरा जास्तच रेंगाळले.
बिनतोड वाटलं मला.

त्यावर मनमाडच्या तौसिफची एकच ओळ:
'ताई, हॉर्न माझा आहे.'

खरंच की.
डेपोबाहेर उन्हात उभं राहून
त्याने मोबाइलवर धरलेला तो भोंगा,
त्यात मागे एक बाई ओरडते, 'अगं, पिशवी!'
ती बाई मी काढली नाही. आवडली मला.
चाकं चोपड्याकडच्या कुणाची,
त्याचं नाव नुसतं 'बैलगाडा ९९',
तीन वर्षांत तो फिरकलेला नाही.
लाल रंग महामंडळाचा.
ऊन मात्र माझं म्हणावं, तर ते अंजनेरीचं.

चौदा रुपये सत्तर पैशांचे किती वाटे घालू?
पिशवीवाल्या बाईला किती?

वडिलांना विचारलं.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याला ते नाही म्हणतात.
मॉड म्हणजे काय हे सांगण्यात माझा चहा निवला.
म्हणाले, मोर कुठे माझा होता?
मालेगावच्या रशीद पेंटरचा. मागे उभा राहून उचलला.
मग त्यांना पैसे?
पैसे कसले. दोन वर्षं ब्रश धुतले त्याचे.
बशी खाली ठेवून, बऱ्याच वेळाने:
पण गिऱ्हाइकाकडून घ्यायचो हं.
फुकटच्या मोरावरची धूळ कुणी पुसत नाही.

मी तौसिफला लिहिलं, तुझे किती, सांग.
दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी एक फाइल आली,
कोरड्या काचेवर घासणाऱ्या वायपरची, अठरा सेकंद,
आणि खाली: 'याचे किती देतेस?'

हसरा चेहरा लावलेला नव्हता.
म्हणजे चिडलाय, की थट्टा, की खरंच विचारतोय,
मला कळत नाही.

किमतीची चौकट रिकामी करून ठेवलीय.
वायपर बसवून पाहिला.
चांगला बसतो.